मदत हवी आहे: बीडीई-४७ (जुन्या फोममधलं आग रोखणारं रसायन) देऊनही न्यूराइट (चेतापेशीतून फुटणारे धागे) आखूड होत नाहीत

न्यूराइट_कुठे: एसएच-एसवाय५वाय पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या, चेतापेशींसारख्या होऊ शकणाऱ्या मानवी पेशी), बीडीई-४७ १० मायक्रोमोलर, २४ तास. एमटीटीत (पेशी जिवंत आहेत का ते पाहायची चाचणी) फरक नाही, न्यूराइट कंट्रोलइतकेच लांब. एका प्लेटमध्ये मात्र निम्म्या पेशी मेल्या. काय बिघडतंय? लवकर सांगा, सोमवारी गाइडना दाखवायचंय.

पिपेटपंत: मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) सीरम किती? रसायन पातळ कसं केलं? डोस कोणत्या दिवशी दिला? हे कळल्याशिवाय काय सांगणार, कप्पाळ?

न्यूराइट_कुठे: सीरम नेहमीचंच, १० टक्के. डीएमएसओ या विद्रावकातला १० मिलिमोलर स्टॉक, मीडियात १०० मायक्रोमोलर, त्यातून दहापट पातळ. पेशी चेतापेशींसारख्या व्हाव्यात म्हणून रेटिनोइक ॲसिडवर ६ दिवस ठेवून मग डोस. यात वेगळं काय आहे?

काचनळी: तिथंच तर घोळ आहे. हे रसायन पाण्यापेक्षा चरबीत लाखो पटींनी जास्त विरघळतं. मीडियात १०० मायक्रोमोलर म्हणजे बारीक कण तरंगणार. प्लेटच्या ज्या वेलमध्ये (खळग्यात) कण पडले तिथल्या पेशी मेल्या. उरलेलं बरंचसं सीरममधल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला आणि प्लेटच्या प्लास्टिकला चिकटलं. सगळी डायल्यूशन्स डीएमएसओत, काचेच्या व्हायलमध्ये करा. मग १ मिलिलिटर मीडियात १ मायक्रोलिटर, म्हणजे डीएमएसओ ०.१ टक्केच राहील. कंट्रोललाही तेवढंच. सीरम १ टक्क्यावर आणा.

ब्रोमीनबुवा: बीडीई-४७ सोडा, ६-ओएच-बीडीई-४७ घ्या. शरीरात तयार होणारं हे रूप जास्त विषारी. या पेशी स्वतः ते फारसं बनवत नाहीत.

काचनळी: बुवा, प्रत्येक धाग्यावर तेच! ओएच रूपही अल्ब्युमिनला घट्ट धरतं. आधी डोस पेशीत पोचू दे.

पिपेटपंत: सहाव्या दिवशी डोस दिला तर न्यूराइट आधीच वाढलेले असतात; फार तर आखडताना दिसतील. विकसनशील पेशीवरचा परिणाम हवा तर रेटिनोइक ॲसिडसोबत पहिल्या दिवसापासून द्या, मीडिया बदलताना पुन्हा. आणि एमटीटीला न्यूराइट कळत नाहीत. बीटा-३ ट्युब्युलिन (चेतापेशींतलं प्रथिन) रंगवून लांबी मोजा. डोस पेशी मरणार नाहीत इतका कमी, ०.१ ते ५ मायक्रोमोलर.

सोनूची_आई: घरात जुना फोमचा सोफा आहे, बाळ रांगतंय. टाकून देऊ का?

ब्रोमीनबुवा: फोम उघडा पडून भुगा होत असेल तर काढाच. नाहीतर ओल्या फडक्यानं धूळ पुसा, जेवणाआधी बाळाचे हात धुवा. बाकी नवा धागा काढा, ताई.

टीव्हीफोड्या: पेंटा-बीडीई (बीडीई-४७ असलेलं मिश्रण) २००९ मध्येच स्टॉकहोम कराराच्या घातक रसायनांच्या यादीत गेलं, त्याच कुळातलं डेका २०१७ मध्ये. मेलेल्या रसायनावर कसला प्रबंध? टीडीसीपीपी (दुसरं आगरोधक) करा.

काचनळी: करारात गेलं म्हणून जुन्या फोममधून गेलं का?

न्यूराइट_कुठे: ते जाऊ द्या! सीरम काढून बी-२७ (सीरमऐवजी घालायचं तयार पूरक) घातलं तर चालेल?

पिपेटपंत: साधं नको. त्यात व्हिटॅमिन ई, कॅटलेज, एसओडी अशी अँटिऑक्सिडंट असतात. ऑक्सिडेटिव्ह ताण झाकला जाईल. अँटिऑक्सिडंट वगळलेलं मिळतं, पण अल्ब्युमिन आणि टी३ (थायरॉइडचं संप्रेरक) त्यातही आहे. थायरॉइडचा मार्ग तपासायचा असेल तर तेही अडचणीचं. आणि मीडियात, पेशीत खरंच किती उतरलं ते जीसी-एमएसवर (रसायन ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून घ्या. सोमवारपर्यंत होणार नाही.