पावसाळ्यात ओलावणारी भिंत आणि घरात दम्याचं माणूस : दुरुस्तीबद्दल सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

मुलुंड पूर्वेला १९८६ सालच्या तीन मजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर आमचं वन बीएचके आहे. घरात सासूबाई (वय ७४, जुना दमा), आम्ही दोघे आणि सात वर्षांचा लेक. दिवाळीनंतर काम काढायचंय.

मुख्य दुखणं म्हणजे बेडरूमची पश्चिमेकडची भिंत. पाऊस थेट तिच्यावरच झोडपतो. जुलैत रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि गणपतीपर्यंत कपाटामागे काळी बुरशी धरते. सासूबाईंचा पलंग त्याच खोलीत होता. यंदा त्यांना रात्री दोन-दोनदा पंप घ्यावा लागत होता. शेवटी पलंग हॉलमध्ये आणला, तर चार-पाच दिवसांत धाप बरीच कमी झाली. इतकी वर्षं आपण त्यांना त्या खोलीत झोपवलं, याचं फार वाईट वाटतं.

ठेकेदार म्हणतो, आतून वॉटरप्रूफ पुट्टी मारू आणि वर पीव्हीसी पॅनल लावू, ओल दिसणारच नाही. पण पाणी बाहेरच्या प्लास्टरच्या भेगांतून येतंय. पॅनलमागे ओल तशीच राहणार, आणि बुरशीला तीच कोंदट जागा हवी असते. बाहेरची भिंत सोसायटीच्या अखत्यारीत येते, आणि कमिटी म्हणते पुढच्या वर्षी सगळ्या इमारतीचं एकदम करू. आणखी एक पावसाळा असा काढायची माझी तयारी नाही. कमिटीची लेखी परवानगी घेऊन फक्त आपल्या भिंतीपुरती परांची बांधून भेगा भरून घेतल्याचा कोणाला अनुभव आहे का? ते काम टिकलं का?

आतून चुन्याचा हात द्यावा असं मनात आहे. चुन्यातून भिंतीचा दमटपणा बाहेर पडू शकतो आणि चुन्यावर बुरशी सहज धरत नाही. पण आमच्या भिंतीवर ऑइलपेंट आहे, त्यावर चुना धरणार नाही. म्हणजे सगळं खरवडणं आलं, आणि मला खरी धास्ती त्याचीच आहे. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम देशात लागू झाला तो नोव्हेंबर २०१७ पासून. आमचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. कोरडं घासलं तर ती धूळ लेकाच्या पोटात जाणार. भिंत भिजवून ओलं खरवडायला तयार होणारे रंगारी मिळतात का? तेवढे दिवस आजी-नातवाला ठाण्याला नणंदेकडे पाठवणार आहे.

कपाटाचं जवळजवळ ठरलंय. नव्या प्लायवुडच्या गोंदातून फॉर्मॅल्डिहाइड (श्वासाला त्रास देणारा वायू) महिनोन् महिने सुटत राहतं, म्हणून माहेरचं जुनं लोखंडी कपाट आणतेय. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवणार, मागे वारा खेळला पाहिजे.

पाण्याचंही विचारते. आरओच्या नळीखाली बादली लावून मोजलं, तर एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर मोरीत जात होतं. तानसा, वैतरणा, भातसाच्या पाण्यात क्षार मुळातच कमी. आमच्या नळाला टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ८० च्या आसपास येतो, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मर्यादा ५०० आहे. टाकी वेळेवर धुतली जात असेल तर साधा यूव्ही फिल्टर पुरेल ना? आरओ काढून टाकलेल्यांनी सांगा.

मच्छरची कॉइल बंद करून जाळ्या बसवल्या. गॅसच्या धुरासाठी ओट्यावर एक्झॉस्ट घेतोय. उदबत्तीबद्दल सासूबाईंना कसं सांगावं या विचारात मी होते, तर त्यांनीच एक दिवस उदबत्तीचं घर आवरून ठेवलं. आता नुसतं निरांजन लावतात.

परांचीवाला रविवारी भिंत बघायला येतोय. त्याला नेमकं काय विचारू, भेगा कशाने भरायला सांगू, तेवढं त्याआधी कोणी सांगितलंत तर फार बरं होईल. भिंतीचे आतले-बाहेरचे फोटो खाली प्रतिसादात टाकते.