मलनिस्सारण केंद्रातील गाळ भातशेतीत घालावा का?

खाडीकाठ (वाशी):
वाशी, नेरूळ, ऐरोली, कोपरखैरणे येथील केंद्रांतून शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याविषयी आपण अभिमानाने बोलतो, पण त्याच केंद्रांतून रोज निघणाऱ्या गाळाचा विचार फारसा होत नाही. योग्य प्रक्रिया करून हा गाळ ठाणे जिल्ह्यातील शेतीला खत म्हणून द्यावा, असे माझे ठाम मत आहे. त्यात नत्र, स्फुरद आणि भरपूर सेंद्रिय कर्ब असतो. स्फुरदयुक्त खतांसाठी तर आपला देश मुख्यतः आयातीवरच अवलंबून आहे. रोगजंतूंची भीती खरी असली तरी त्यावर उपाय आहे. अहमदाबादेत २०१९ पासून, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने, कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखाली गाळ निर्जंतुक करणारा प्रकल्प असून त्याची क्षमता रोज १०० टन सुक्या गाळाची आहे. हे तंत्र ज्यांनी दिले ते केंद्र आपल्या खाडीपलीकडेच आहे.

रसायनतज्ज्ञ (घणसोली):
माझा याला विरोध आहे. किरणांनी जंतू मरतात. कॅडमियम, शिसे आणि क्रोमियम मात्र होते तेवढेच राहतात. शुद्धीकरणात धातू घन कणांना चिकटून तळाशी बसतात, म्हणजे खाडीत जाणारे पाणी जितके स्वच्छ, तितके गाळात धातू जास्त. औद्योगिक पट्ट्यातील सांडपाण्यासाठी स्वतंत्र सामायिक केंद्र आहे, हे मान्य. पण वस्तीतील लहान कारखान्यांत प्लेटिंग (वस्तूंवर धातूचा मुलामा देण्याचे काम) होत असेल, तर ते पाणी मलवाहिनीत उतरणार नाही याची खात्री कोण देणार?

त्यात आपली कोकणची जांभी माती आम्लधर्मी असल्याने कॅडमियम तिच्यात सहज विरघळतो. खाचरात पाणी साचलेले असते तोवर तो गंधकाशी बांधलेला राहतो, परंतु दाणा भरण्याच्या सुमारास खाचर सुकू लागले की तो सुटा होऊन दाण्यात उतरतो. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात अशाच कॅडमियमयुक्त भातामुळे लोकांना इताई-इताई हा हाडे ठिसूळ करणारा आजार झाला.

खाडीकाठ (वाशी):
जिंझूचे पाणी खाणीतून आलेले होते. घरगुती मैलापाण्याशी त्याची तुलना करणे योग्य नाही. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि शिशाची १०० मिलिग्रॅम आहे. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांत उत्तम प्रतीच्या गाळालाही कॅडमियमची मर्यादा ३९ आहे. इतकी कडक मर्यादा हाताशी असताना प्रत्येक खेप तपासून द्यावी, एवढेच मी म्हणतो.

भातशेतकरी (मुरबाड):
आमच्याकडे गुरे कमी झाली, शेणखत पुरत नाही, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो. वाळत घातलेला गाळ मी पाहिला आहे: काळा, भेगा पडून त्याच्या खपल्या झालेल्या, आणि त्या भेगांमधून टोमॅटोची हिरवीगार रोपे वर आलेली. पोटातून आणि नळांतून आलेले बी जिथे रुजते, तो ढीग कुजताना पुरेसा तापलेलाच नाही, हे कोणताही शेतकरी सांगेल. ५५ अंशांवर किमान १५ दिवस, आणि तेवढ्यात पाच वेळा उलथापालथ, हे झाल्याशिवाय जंतांची अंडी मरत नाहीत. ती मातीत कित्येक महिने तग धरतात आणि आमच्याकडे तर चिखलणी अनवाणी होते.

रसायनतज्ज्ञ (घणसोली):
तपासणीविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. एका खेपेचा अहवाल किलोमागचे प्रमाण सांगतो. शेतात मात्र धातू वर्षानुवर्षे साठत जातो. म्हणूनच अमेरिकी नियमांत हेक्टरी एकूण किती कॅडमियम घालता येईल, याचीही मर्यादा आहे. शिवाय न चिकटणारी भांडी आणि पाणी न धरणारे कापड यांच्यासाठी वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त रसायने आपल्या या मर्यादांमध्ये नाहीत. त्यांच्यामुळे विहिरी आणि दूध दूषित झाल्यावर अमेरिकेतील मेन राज्याने २०२२ मध्ये गाळ शेतात घालण्यावर बंदी घातली. स्वित्झर्लंडने तर त्याआधीच शेतीतला वापर थांबवला होता.

खाडीकाठ (वाशी):
मग हा गाळ जातो कुठे, याचेही उत्तर द्यावे. क्षेपणभूमीवर टाकला तर तेच धातू पावसात झिरपून भूजलात उतरतील. तो जाळून राखेतून स्फुरद काढण्याचा खर्च कोणती महापालिका उचलेल, ते मला दिसत नाही.

भातशेतकरी (मुरबाड):
तोवर तो दुभाजकांवरच्या झाडांना आणि उद्यानांना घालावा. पालक-माठाच्या वाफ्यांत मुळीच नको. माझ्या खाचरात घालायचा असेल, तर खेपेचा अहवाल मराठीत हवा, गाळ घालण्याआधी आणि प्रत्येक हंगामानंतर मातीची तपासणी देणाऱ्याच्या खर्चाने हवी, आणि जमीन बिघडल्यास भरपाईची लेखी हमी हवी. सातबाऱ्यावर नाव माझे आहे.