थ्रॉटल चालतंय, पण पेडल असिस्ट गप्प

इलेक्ट्रिक सायकल डाव्या अंगावर पडली, हँडलवरचं थ्रॉटल दिलं की मोटर फिरते, पण पेडल मारून मोटरची मदत (पेडल असिस्ट) मिळत नाही, असं तुम्ही म्हणताय. वर एकांनी ब्रेक लिव्हरचा कट-ऑफ स्विच (ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा) बघायला सांगितलाय. एरवी मीही तेच सांगितलं असतं. पण तो अडकला असता तर बहुतेक सायकलींत थ्रॉटलही मेलं असतं. आणि थ्रॉटल चालतंय म्हणजे मोटर आणि बॅटरी ठीक आहेत. कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) मागवायची घाई तर अजिबात नको.

माझा संशय क्रँकजवळच्या (पेडलच्या दांड्याजवळच्या) सेन्सरवर, पेडल फिरतंय हे तोच ओळखतो. तिथे एक्सलवर चुंबकांची छोटी चकती असते आणि तिच्यासमोर हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक ओळखणारा सेन्सर. दोघांत जेमतेम काही मिलिमीटरचं अंतर चालतं. क्रँकला दणका बसला की चकती सरकते किंवा तडकते. पेडल हळू फिरवून बघा, ती डगमगते का. काही सेन्सरवर बारीक दिवा असतो, चुंबक समोरून गेला की तो लुकलुकतो. चकती काढलीत तर उलटी बसवू नका. (मी बसवली होती. पेडल मागे फिरवलं की मोटर सुरू!)

दिवा नसेल तर मल्टिमीटर घ्या. सेन्सरला साधारण ५ व्होल्ट मिळायला हवेत आणि पेडल फिरवताना सिग्नलच्या तारेवर व्होल्टेज वरखाली व्हायला हवं. ५ व्होल्टच येत नसतील तर बहुतेक तार ताणून तुटलीय किंवा कनेक्टर निसटलाय. खरं तर बॅटरी बंद करून तो कनेक्टरच आधी उघडा, वाकलेली पिन सापडली तर बाकी खटाटोप वाचेल.