मदत हवी आहे: गंजीतला कडबा आतून भिजलाय

नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात वस्तीवर राहतो. परतीच्या पावसानं कडब्याची गंज एका अंगानं भिजली. दिवाळीनंतर ताडपत्री काढली, तर वरच्या पेंढ्या खडखडीत, पण आत हात घातला की गरम लागतं, पांढरी बुरशी अन् कुबट वास. नवा कडबा मालदांडी ज्वारी निघाल्यावरच, म्हणजे फेब्रुवारीशिवाय नाही. दावणीला खिलार बैलांची जोडी अन् गाभण म्हैस. विरळणीची कोवळी ज्वारी टाकायला धीर होत नाही, विषबाधा होते. शेजारचे काका म्हणतात, कुट्टी (बारीक तुकडे) करून १०० किलोला ४ किलो युरियाची प्रक्रिया कर. पण ती न बिघडलेल्या चाऱ्यासाठी ना? बुरशी त्यानं जाते का? वाळवून निदान बैलांना चालेल, की सरळ उकिरड्यावर? म्हशीला तर मी घालणारच नाही.