मदत हवी आहे : घरच्या अलार्मला कीपॅड जोडायचा आहे

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमचं तळमजल्याचं घर आहे. अलार्म जुना, वायरचा : दारं-खिडक्यांना मॅग्नेटिक सेन्सर, हॉलमध्ये एक पीआयआर (माणसाची हालचाल ओळखणारा सेन्सर), बाहेर भोंगा आणि पॅनेलमध्ये १२ व्होल्टची बॅटरी. चालू-बंद फक्त रिमोटवर. आईला त्याची बारीक बटणं दिसत नाहीत आणि कामाच्या मावशींकडे रिमोट द्यायचा म्हणजे तो हरवणारच! म्हणून दाराशी आकडे दाबायचा कीपॅड हवाय.

पॅनेलमध्ये 'की-स्विच' (बाहेरच्या स्विचने अलार्म चालू-बंद करायची जोडणी) लिहिलेले दोन टर्मिनल रिकामे आहेत. तापकीर गल्लीत (पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात) एकाने रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) असलेला साधा कीपॅड दाखवला. कोड बरोबर असला की रिलेची एनओ आणि कॉम ही दोन टोकं जोडली जातात. पण रिले कीपॅडच्या आतच असेल, तर बाहेरून डबा उचकटून दोन वायरी जोडल्या की अलार्म बंद, मग कोडचा उपयोग काय? म्हणजे एकतर कीपॅड आत लावून एंट्री डिले (दार उघडल्यावर भोंगा वाजण्याआधीची सवड) ३० सेकंद ठेवायचा, नाहीतर बाहेर वीगँड कीपॅड (जो दाबलेला कोड फक्त आत पाठवतो) आणि रिलेचा कंट्रोलर आत. मला पहिलं बरं वाटतं, पावसाचीही कटकट नाही.

अडलंय ते इथे : की-स्विचला क्षणभराचा पल्स लागतो की संपर्क कायम धरून ठेवावा लागतो, हे कसं ओळखायचं? मॅन्युअल नाही. आणि कीपॅडला वीज पॅनेलच्याच बॅटरीवरून घेतली तर लाइट गेल्यावर ताण येईल का? कोणी स्वतः जोडलं असेल तर प्लीज सांगा. 'नवीन वायफायवाला घ्या' हा सल्ला सोडून!