मंडळाच्या हँड मेटल डिटेक्टरला कुठली बॅटरी टाकावी?

परळकर_कार्यकर्ता
नमस्कार मंडळी. परळला आमचं छोटं मंडळ आहे, गणपतीत गेटवर तपासणीला ४ हँड मेटल डिटेक्टर असतात, सगळे ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारे. गेल्या वर्षी बॅटऱ्या आणून आणून खजिनदार वैतागले आणि सातव्या रात्री ऐन गर्दीत दोन डिटेक्टर बंद, पोरं नुसतीच दांडी फिरवत होती. मला ते लय लागलं, रांगेत लहान मुलं, म्हाताऱ्या बायका असतात हो. यंदा रिचार्जेबल घेऊया असं चाललंय. एक पोरगा म्हणतो लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले '१८६५०' नावाचे गोल लिथियम सेल काढून तीन-तीनचा पॅक करून देतो, दुसरा म्हणतो यूएसबीने चार्ज होणारी ९ व्होल्टची लिथियम घ्या. चार्जिंग मांडवातच, मूर्तीमागे जो बोर्ड आहे तिथे. मला काही पटत नाहीये, जाणकारांनी सांगा.

सोल्डरिंग_काका
तो पॅक अजिबात करू नका. लिथियमचा एक सेल फुल चार्जला ४.२ व्होल्ट, म्हणजे तीन सेल १२.६ व्होल्ट, ९ व्होल्टच्या मशीनला एवढं कशाला देता? त्यात सेल जुने, किती झिजलेत ठाऊक नाही, प्रोटेक्शन सर्किट नाही. आतून एखादा शॉर्ट झाला की आग लागते, आणि ती वस्तू कार्यकर्त्याच्या हातात असणार, भोवती गर्दी.

आणि तुम्ही गेल्या वर्षी 'हेवी ड्यूटी' लिहिलेल्या बॅटऱ्या आणल्या होत्या का? नाव भारी असलं तरी त्या झिंकवाल्याच, अल्कलाइनपेक्षा लवकर संपतात.

परळकर_कार्यकर्ता
हो काका, त्याच होत्या 😟 लॅमिंग्टन रोडवरून बॉक्सच आणलेला.

वसई_लोकल
यूएसबीवाल्या लिथियमचा माझा अनुभव सांगतो, मी सोसायटीच्या गेटसाठी घेतली होती. तिच्या आत व्होल्टेज वाढवायचं छोटं सर्किट असतं, त्याचा इलेक्ट्रिकल गोंधळ (नॉइज) डिटेक्टरच्या कॉइलमध्ये, म्हणजे धातू ओळखणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात, शिरायचा आणि काही नसताना मशीन बीप बीप करायचं. दुसरं म्हणजे ती शेवटपर्यंत ९ व्होल्ट दाखवते आणि मग एकदम मरते, लो बॅटरीचा दिवा लागायची संधीच नाही, तपासणीच्या कामाला हे वाईट. सगळ्याच कंपन्यांच्या तशा असतील असं नाही म्हणत, पण आधी एक घेऊन तुमच्या मशीनवर बघा.

सोल्डरिंग_काका
बरोबर. मी म्हणेन निकेल मेटल हायड्राइडची रिचार्जेबल बॅटरी घ्या, पण पॅकवरचा आकडा वाचून. काहींवर ७.२ व्होल्ट असतं, काहींवर ८.४. आत १.२ चे सेल असतात, पहिल्यात सहा, दुसऱ्यात सात. ७.२ वाली लावली तर बऱ्याच डिटेक्टरचा लो बॅटरी दिवा लवकरच लागतो, म्हणून ८.४ घ्या. क्षमता मात्र कमी, साधारण २०० मिलिअँपिअर-तास, अल्कलाइनची ५०० च्या आसपास. समजा मशीन ४० मिलिअँपिअर खात असेल तर २०० वाली पाच तास चालेल, अल्कलाइन बारा. तुमचं मशीन किती खातं ते मॅन्युअलमध्ये बघा आणि एका डिटेक्टरमागे दोन बॅटऱ्या ठेवा. सातव्या आणि अकराव्या दिवसासाठी नवी अल्कलाइन जवळ असू द्या, ती चार्ज मात्र कधीच करायची नाही.

मांडववाली_ताई
बॅटरी कुठली घ्यायची यापेक्षा मला चार्जिंगची जागा जास्त खटकते. मूर्तीमागे कापड, प्लायवूड, फुलं, अगरबत्ती, समई, वर लाइटिंगचा लोड, तिथे रात्रभर चार्जर लावून सगळे आरतीला उभे! कार्यकर्त्याच्या घरी, फरशीवर, कोणी जागं असताना करा. चार्जर त्याच बॅटरीचा हवा, लिथियमचा चार्जर निकेलवाल्याला नको.

अजून एक, ९ व्होल्टची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. पोरं स्पेअर बॅटरी खिशात टाकतात, खिशात चिल्लर आणि घराच्या चाव्या, झाला शॉर्ट. माझ्या भाच्याची पँट अशीच तापली होती, नशिबाने चटका तेवढा बसला. टोकांवर चिकटपट्टी लावा.

परळकर_कार्यकर्ता
ताई, पट्टीचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ठरलं मग, ८.४ च्या ८ बॅटऱ्या, चार्जिंग माझ्याच घरी, आणि ड्यूटी बदलताना प्रत्येकाने आपल्या चावीवर डिटेक्टर फिरवून बीप ऐकायचा, मगच गेटवर उभं राहायचं. पॅकवाल्या पोराला आज सांगतो, बिचारा मनापासून करत होता.

सोल्डरिंग_काका
विसर्जन झालं की सगळ्या बॅटऱ्या बाहेर काढून ठेवा. अल्कलाइन आत राहिली की गळते, स्प्रिंगवर पांढरा थर येतो. आला असेल तर हातमोजे घालून व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून नीट सुकवा.