अर्धगोलाकार अ‍ॅनालायझरमध्ये पास एनर्जी किती ठेवावी?

प्रश्न
नमस्कार. एक्सपीएससाठी (क्ष-किरणांनी बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजून पृष्ठभाग तपासण्याची पद्धत) मी अर्धगोलाकार अ‍ॅनालायझर (इलेक्ट्रॉन ऊर्जेनुसार वेगळे करणारे उपकरण) वापरतो. क्ष-किरणांचा स्रोत अ‍ॅल्युमिनियमचा असून त्याला मोनोक्रोमेटर (किरणांतील ऊर्जेचा पसारा अरुंद करणारा भाग) नाही. तांब्यावर क्युप्रस ऑक्साइडचा पातळ थर आहे का, हे तपासायचे आहे. पास एनर्जी (इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेवर आणून आत पाठवले जातात ती) २० इलेक्ट्रॉनव्होल्टवरून १० वर आणली तेव्हा संकेत फारच क्षीण झाला, पण शिखर जवळपास तितकेच रुंद राहिले. असे का व्हावे? आणि इलेक्ट्रॉन मुळात मंद का करावे लागतात?

प्रतिसाद १
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. अ‍ॅनालायझरची विभेदनक्षमता (त्याच्यामुळे शिखरात येणारी रुंदी) ढोबळमानाने पास एनर्जी गुणिले फटीची रुंदी भागिले सरासरी त्रिज्येची दुप्पट अशी काढता येते. त्रिज्या १५० मिलिमीटर आणि फट ३ मिलिमीटर धरली, तर हे गुणोत्तर एक शतांश येते. तांब्याचे २पी (अणूच्या एका आतल्या पातळीतील) इलेक्ट्रॉन सुमारे ५५४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने बाहेर पडतात. ते मंद न करता आत सोडले, तर शिखर साडेपाच इलेक्ट्रॉनव्होल्टने पसरेल आणि रासायनिक सरक (संयुगानुसार शिखराचे किंचित हलणे) ओळखणे अशक्य होईल. म्हणून प्रवेशापूर्वी भिंगांमध्येच त्यांचा वेग कमी केला जातो. पास एनर्जी २० असताना अ‍ॅनालायझरचा वाटा ०.२ आणि १० असताना ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट होतो. परंतु आपल्या स्रोताच्या रेषेचीच रुंदी सुमारे ०.८५ आहे आणि या रुंद्या वर्गांच्या बेरजेने एकत्र येत असल्यामुळे एकूण रुंदी ०.८७ वरून जेमतेम ०.८६ वर येते. त्यात तांब्याच्या पातळीची स्वतःची रुंदी मिळवली की हा फरक दिसतच नाही. तेव्हा २० वरच थांबावे आणि वाचलेला वेळ अधिक स्कॅन घेण्यात घालवावा. पास एनर्जी आणखी उतरवण्याचा खरा लाभ मोनोक्रोमेटर असेल तरच मिळतो.

प्रतिसाद २
वरील गणित योग्य आहे, पण मला खरी अडचण वेगळी वाटते. धातुरूप तांबे आणि क्युप्रस ऑक्साइड यांची २पी शिखरे (बंधनऊर्जा, म्हणजे इलेक्ट्रॉन अणूला बांधून ठेवणारी ऊर्जा, सुमारे ९३२.६ आणि ९३२.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट) इतकी जवळ आहेत की कितीही अरुंद शिखर मिळवले तरी त्यावरून निर्णय देणे धोक्याचे ठरेल. त्याऐवजी एलएमएम ऑजे शिखर (आतली रिकामी जागा भरताना बाहेर फेकल्या जाणाऱ्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनाचे) नोंदवावे: धातूसाठी त्याची गतिज ऊर्जा सुमारे ९१८.६ असते, क्युप्रस ऑक्साइडसाठी ९१६.८ च्या आसपास. जवळपास दोन इलेक्ट्रॉनव्होल्टचे हे अंतर आपल्या स्रोतावरही सहज दिसते. नमुना आर्गॉन आयनांनी घासू नये, कारण पातळ ऑक्साइड त्यानेच निघून जाईल.

प्रतिसाद ३
त्याआधी ऊर्जामापनाची पट्टी तपासावी. सोन्याचे ४एफ शिखर ८४.० आणि तांब्याचे २पी ९३२.६ या दोन्ही ठिकाणी जुळवावे. एकाच टोकाला जुळवल्यास दुसऱ्या टोकाची चूक लपून राहते. यासाठीचा तांब्याचा संदर्भ-तुकडा मात्र आयनांनी स्वच्छ करायलाच हवा.